अकरा टक्के

पहाटे पाचला उठून आधी बॅटरीच्या अंगावरची घोंगडी चाचपते.
लामाच्या लोकरीची आहे, आईनं विणलेली,
माझ्या बाळंतपणासाठी राखून ठेवलेली.
ते काही झालं नाही.
आता तिच्यात दोन काळे डबे झोपतात.
कालामात जुलैची पहाट माणसाची हाडं मोजते,
आणि शून्याखाली ही बॅटरी भरूनच घेत नाही,
रुसलेल्या माणसासारखी : ताट पुढ्यात, तोंड मिटलेलं.

मग टपावर चढायचं.
चार पॅनल, रात्रभरची धूळ, ओला फडका एकच.
पाण्याचा इथं हिशेब असतो.
उन्हाचं बिल अजून कुणी पाठवलेलं नाही.

आधी डिझेलचा जनरेटर होता.
गिऱ्हाईक ओरडून मागायचं, मी ओरडून सुटे मागायची.
तो विकला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं
तेलात भोपळ्याची सोपायपिया फुगते ते,
आणि डॉन अनाक्लेतोचा खोकला,
जो त्यानं वर्षभर त्या धडधडीमागे लपवला होता.

नियम एकच, दारावर खडूनं लिहिलेला :
कढई, फ्रीज, मिक्सर, तिघं एकदम नाहीत.
भाचा माझा, यर्को, विसरतो.
मग इन्व्हर्टर एकदाच टक् करतो, जीभ चावल्यासारखा,
आणि सगळी गाडी गप्प.

डब्यांवर चिनी अक्षरं आहेत.
यर्को मोबाईल धरून वाचतो : उलटं ठेवू नये. आगीपासून लांब ठेवावं.
(कढई हातभर अंतरावर.)

माझा भाऊ एलेउतेरिओ एकोणीस वर्षं मिठाच्या सपाटीवर होता.
जमिनीखालचं खारं पाणी वर ओढायचं,
तळ्यांत पसरायचं, उन्हाला द्यायचं.
आधी निळं, मग हिरवट, मग पिवळं,
वर्ष-दीड वर्ष ऊन प्यालं की त्यातून लिथियम.
ते जहाजात बसून गेलं,
अर्धी पृथ्वी फिरलं, जकात भरली,
आणि निघालं तिथून तीन तासांच्या रस्त्यावर
माझ्या सीटखाली येऊन बसलं.
हप्ता अजून चौदा महिने आहे.

एलेउतेरिओनं पहिल्यांदा डब्यावर हात ठेवला, म्हणाला,
"हिला ओळखतो मी."
पुढं काही नाही.
आईच्या गावची विहीर कुठं गेली, तो बोलत नाही.
मीही विचारत नाही, माझी कढई त्यावरच तापते.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
मीठच आपलं असेल
आणि आपणच ते परत विकत घेतलेलं असेल,
तर जागायचं कुणाला?

मंगळवारी हे सगळं सुचायला वेळ नव्हता.
दोन दिवस धुळीचं वारं बसून होतं, सूर्य म्हणजे नुसता एक डाग.
स्क्रीनवर अकरा टक्के.
साडेसहाला रात्रपाळीची बस थांबली,
चाळीसएक माणसं, हात काखेत, तोंडातून वाफ.
दिवे की कढई?
मी दिवे घालवले.
"आज अंधारात खायचं, पोरांनो."

कुणी बोललं नाही.
मग टिक्. एकाच्या हेल्मेटवरचा दिवा.
मग त्याच्या मागच्याचा. मग ती रांगच.
खाणीतून नुकतीच वर आलेली डोकी
सगळी माझ्या कढईकडे वळलेली,
आणि मनगटावरचे भाजल्याचे जुने डाग
मला इतके स्वच्छ कधी दिसले नव्हते.
नंतर सुचलं, त्या दिव्यांतही तेच मीठ असणार.
तेव्हा मी फक्त म्हटलं, "फेर्मिन, मान हलवू नकोस,
घाणा करपेल."

नऊ. सात. यर्कोनं घाईत फ्रीज लावला, शिवी खाल्ली, काढला.
चारवर शेवटचा घाणा उतरला.
एक सोपायपिया हिशेबात कमी भरली.
कोण घेऊन गेलं माहीत आहे. खोकला ऐकला मी.

बस गेली. अंधार परत आपल्या जागी आला.
वारं पडलं होतं.
आठच्या सुमाराला सान पेद्रोच्या खांद्यावर उजाडायला लागलं
तशी मी घोंगडी नीट केली
आणि फडका शोधायला लागले.