दोन बोटं जास्त

गोष्ट युद्धाची नाही, पाटलोणीची आहे.

जहाजं बंदराला लागली तेव्हा
आम्ही पत्र्यांवर चढून पाहिलं.
शेजाऱ्यांची पोरं उतरत होती,
कुणी घानाची, कुणी गिनीची,
नायजेरियाची तर मोजता येईनात.
म्हातारा वार्नी म्हणाला, शेजारी आग लागली
की माणूस आधी आपलं छप्पर भिजवतो.
म्हणून आलेत. माया वगैरे समजू नका.

मी गोर्पू. मन्रोव्हियात, डुआलाच्या बाजारात
माझं हातानं फिरवायचं शिवणयंत्र.
पहिल्याच आठवड्यात एक सार्जंट
दंडावरच्या पट्ट्यांचं गाठोडं टाकून गेला.
पट्टी सगळ्यांना एक,
गणवेश ज्याच्या त्याच्या देशाचा,
एक हिरवा चिखलाकडे झुकलेला, एक पानाकडे.
सुई सगळीकडे सारखीच अडत होती.

मग गोळीबार पुलापलीकडे गेला.
हे मी कमी मानत नाही.
बायका पुन्हा कपानं तांदूळ मोजू लागल्या,
भावावरून भांडू लागल्या.

आणि हेही पाहिलं:
नाक्यावर मोमोलूचं जनरेटर उतरवून घेतलं,
पावती मागितली तर हसले.
रिकामं परतायचं जहाज
पाण्यात खोल बसलं होतं,
आमच्या पंख्यांनी, नळांनी, रबरानं.

कुंपणच शेत खातं म्हणतात.
खातं.
पण कुंपण नव्हतं त्या रात्री
शेत कुणी खाल्लं, तेही मला ठाऊक आहे.
त्यात माझा भाऊ होता.

अवुनी नावाचा घानाचा शिपाई
पाटलोण उसवून लांब करायला देऊन गेला.
अजून उंची वाढतेय, म्हणाला, लाजून.
दूर कुठल्याशा हॉटेलात
सोळा देशांनी टेबलाशी बसून जे ठरवलं,
ते ह्याच्या घोट्याला पुरत नव्हतं.

शुक्रवारी येणार होता.
शुक्रवार तीनदा आला.

मग सार्जंट आला. तीच पाटलोण उचलली,
म्हणाला, नवा पोरगा बुटका आहे,
दोन बोटं काप.
मी कात्री हातात घेतली, परत ठेवली.
कापड आत दुमडलं, सैल टाके घातले,
वाढलाच तर उसवता येईल.

सार्जंटनं सुटे पैसे दिले,
तीन देशांची नाणी.
आमच्या बाजारात
त्यातलं एकही चालत नाही.