एकशे सतरा

पुंता अरेनासला वारा दार उघडू देत नाही.
नोल्फा बार्रिया खांद्याने ढकलून आत येते,
बूट न काढताच राउटरसमोर बसते.
कागदावर सर्किटं दोन: शंभर, एकशे दोन.
पडद्यावर तीन.

हे तिसरं कुणी जन्माला घातलं?
कॉन्फिगरेशन वरून खाली वाचलं,
मग खालून वर, मसुरीतले खडे वेचावेत तसं.
नाहीच.
तरी एकशे सतरा: चालू.
दर मिनिटाला पलीकडून तीच पृच्छा,
तू कोण? तुझा पत्ता काय?
आणि आपला राउटर, भोळा,
सांगून मोकळा.

सान्तियागोला फोन. अर्धा तास नुसती बासरी,
मग एक झोपाळू आवाज:
"ते पोर्वेनीरचं. मेंढ्यांचा कत्तलखाना.
बंद पडून चार वर्षं झाली, बाई,
तोडा असं कुणी लिहूनच दिलं नाही.
अर्ज करा. तोडतो, खोकंही उचलून आणतो."

बंद, मग चालू कसं?

सामुद्रधुनीपल्याड घंटी वाजत राहिली.
वाजत राहिली.
"रखवालदार उलोआ.
ते काळं खोकं होय? मी हातही लावत नाही.
म्हणजे, लावतो. ऊब असते त्याला.
हातमोजे वाळतात."

जुलै. साडेपाचालाच काळोख.
आपल्या राउटरला तिने गप्प बसायला शिकवलं,
अर्जावर कारण लिहिलं, निरुपयोगी,
आणि तोडायच्या तारखेशी पेन अडलं.
ऑक्टोबर, लिहिलं. मग खोडून
नोव्हेंबर.

पडद्यावर एकशे सतरा विचारतंच आहे.