सातशे वीस ठोके

हळद पाण्यात विरघळत नाही.
घरी हे कुणी सांगितलं नव्हतं;
दुधात, तेलात, फोडणीत ती आपसूक मिसळायची.
प्रयोगशाळेत मात्र नळीच्या तळाशी
रुसून बसली दीड वर्ष.

मग तिला इतकं बारीक केलं
की केसाच्या जाडीत हजारभर कण ओळीनं मावावेत,
आणि एकेका कणाला चढवला मेदाचा पातळ अंगरखा.
त्या दिवशी नळी पहिल्यांदा तळापासून वरपर्यंत पिवळी झाली.
गंगापूर रोडवरून मी स्कूटर इतकी हळू आणली,
जणू मागे बाळंतीण बसली होती.

तांबट लेनमधल्या रंगनाथकाकांचा पाय
माझ्या प्रबंधासाठी थांबला नव्हता.
रक्तात साखर, टाचेला बूट चावलेला,
जखम आधी रुपयाएवढी, मग वाटीच्या बुडाएवढी,
आणि तिच्यावर जंतूंनी बांधलेली शेवाळासारखी चिकट भिंत.
चार औषधं हरली.
पाचव्याचं नाव घेताना डॉक्टर छताकडे बघत होते.

"चपला बाहेर काढू?" त्यांनी देवळात आल्यासारखं विचारलं.
मग पायाच्या बँडेजकडे बघून स्वतःच हसले,
"एकच तर आहे."

शरणपूरच्या रूथ सिस्टरनी पडदे ओढले.
मी जखमेवर पिवळं थेंब थेंब सोडलं.
आता अर्धा तास काही नाही, काका.
अंधारात हे औषध काहीच करत नाही,
भिंतीच्या फटीफटीतून आत शिरतं
आणि बसून राहतं.
"म्हणजे बुधवारच्या बाजारातला आमचा शेजारी," ते म्हणाले,
"गिऱ्हाईक येईतो डोळे मिटून."

मग निळा दिवा.

पिवळ्यावर निळं पडलं की
जवळपासचा साधासुधा प्राणवायू बेभान होतो,
सेकंदाच्या लाखाव्या हिश्श्यापुरता,
आणि तेवढ्यात हाताला लागेल ते जाळत सुटतो.
एका किल्लीसाठी जंतू कुलूप बदलू शकतो.
घरच पेटल्यावर कुलूप बदलून काय करील?

(प्रबंधात मी हे असं लिहिलेलं नाही.)

बारा मिनिटं. घड्याळ माझ्याकडे,
पण मोजत होते ते, मांडीवर बोटांनी,
चाळीस वर्षं हातोडी चालवलेला हात,
सेकंदाला एक ठोका.
"मोजलं नाही तर चुकतं," म्हणाले,
"एक चुकला तरी हंडा डुगडुगतो."

चारशे दहाव्या ठोक्याला वीज गेली.

पंखा थांबल्याचा आवाज.
सिस्टर म्हणाल्या, येईल जनरेटर.
मी आकडेमोड करत होते
अर्ध्या उजेडाची, अर्धवट मेलेल्यांची,
उरतील ते काही शिकून उरतील का याची.
काळोखात बोटांचा आवाज नव्हता.
"चारशे दहावर धरून ठेवलंय," ते म्हणाले.
"येऊ द्या."

आली.
"चारशे अकरा."

दुसऱ्या दिवशी थाळी उघडली.
आधीच्या थाळीवर मोजायला जागाच नव्हती,
भगर सांडावी तसे ठिपके.
या थाळीच्या कडेला तीन.
खिडकीशी धरून पाहिलं, तीनच.
शून्य लिहायचा मोह बोटांपर्यंत येऊन गेला.
मी तीन लिहिलं.
त्यांनाही फोनवर तीनच सांगितलं.

बुधवारी ते बाजार उरकून आले.
टाचेवर पारदर्शक कागद ठेवून मी जखमेची कड काढली,
दोन मिलिमीटर आत सरकलेली.
त्यांनी पिशवीतून तांब्याचा छोटा गडू काढला,
टेबलावर ठेवला.
तो जरासा डुगडुगला.

"पाय उशीवर ठेवून ठोकला," ते म्हणाले.
"तुमचे तीन राहिले. माझा एक."

रूथ सिस्टर पडदे ओढायला उठल्या.