जमेल ते

बँक गेली. तिथे आता कुत्र्यांचे केस कापतात.
पोस्ट पबच्या मागच्या खोलीत, तेही दुपारी दोनपर्यंत.
बाकी सगळं लिंकनशायर:
पोळपाटासारखी सपाट जमीन,
नजर पोचेल तिथवर कोबी.

बेरिल, वय एकोणऐंशी,
बिनपगारी चालवते दवाखान्याची बस.
आज मागच्या सीटवर दाइवा,
फ्लॉवर कापताना सुरी बोटावर गेलेली.
मी तीन टाके घातले.
ती भिंतीवरच्या घड्याळाकडेच बघत होती,
शिफ्ट बुडली की पैसे बुडले.

परतताना बेरिलने डबा पुढे केला,
"जमेल ते टाक."
सुटे नव्हते.

सकाळी बेरिलच्या पायरीवर
एक कोबी,
गच्च, ओला, मातीसकट.
ती कुरकुरत उचलते.
गॅरेजात आधीच अकरा आहेत.