समासातला आकडा

धरणाच्या वसाहतीत, पाण्याच्या टाकीमागं
चार पायांवर उभी होती पांढरी झडपांची पेटी.
दार उत्तरेला. आत चार काचेच्या नळ्या :
कोरडा, ओला, कमाल, किमान.
ओल्याच्या गळ्यात मलमलची चिंधी,
ती वाळू द्यायची नाही, एवढंच काम माझ्याकडं
मेच्या सुट्टीत.

बाजूला बाष्पीभवनाचं पातेलं, वर जाळी.
तरी साळुंक्या चोच घालायच्याच.
अण्णा म्हणायचे, "सूर्यानं किती पिलं ते मोजायचंय,
साळुंकीचं वजा कसं करू?"
आणि करायचे नाहीत.

त्या मे महिन्यात ते पगारपत्रकासाठी परभणीला गेले.
"साडेपाचला कमाल बघ. डोळा पाऱ्याच्या रेषेत ठेव.
लिहून झालं की झटक."

कमालचा पारा असा, की चढला की चढला.
ऊन कललं, रात्र पडली, तरी जागचा हलत नाही.
माणसानं हातात धरून झटकावा लागतो.

साडेपाचला मी कालव्यात होते
मुंजाजीच्या पाठीवर, नाकातोंडात पाणी.
आठवलं ते दिवेलागणीला.
पेटीखाली धामण असते म्हणायचे.
मी कालचा आकडा बघितला, त्यातून थोडं कमी केलं,
कमी, कारण मला तो दिवस गार गेला होता.
वळणदार अक्षरात लिहिलं : ४१.२

अण्णा शेवटच्या गाडीनं आले.
भाकरी खाल्ली, दस्ती घेऊन बाहेर गेले, परत आले.
झोपताना विचारलं, "झटकला का गं?"
मी हो म्हणाले.

आता जिंतूरला, कंत्राटावर,
तीच रजिस्टरं मी संगणकात भरते.
कडांना वाळवी, पानोपानी चहाचे गोल,
खाली सही : स. ह. घोबाळे.

कमालचं सगळेच बोलतात,
त्रेचाळीस झालं की पेपरात पहिल्या पानावर.
माझं बोट अडतं किमानच्या रकान्यात.
तिथं रात्री आहेत.
बावीस, तेवीस, बावीस :
पहाटे बाजेवर वाकळ ओढून घेतल्याच्या.
काही वह्यांनंतर सव्वीस येतो,
पाहुण्यासारखा, एखादी रात्र.
मग आठवडा राहतो.
मग त्याला पाहुणा म्हणत नाही कोणी,
आणि बावीस शोधायला
मला मार्चपर्यंत मागं जावं लागतं.

चौदा मेचं पान परवा आलं.
४१.२, माझं वळणदार.
आणि समासात, पेन्सिलीनं, मुंगीएवढं :
४२.६

म्हणजे बॅटरी घेऊन गेले होते.
पारा होता तिथंच थांबलेला,
त्यानं सांगितलं.
अण्णांनी वाचलं, झटकलं,
आणि लेकीचं खोडलं नाही.

मी समासातला भरला.
मग दुसराही घालून बघितला, उगाच.
रेघ तीच, तशीच चढती.
एवढ्या वर्षांच्या बेरजेत माझी थाप
दशांशाच्या तिसऱ्या घरातसुद्धा दिसेना.
हलकं वाटायला हवं होतं.

मुंजाजीची नातवंडं आलीत सुट्टीला.
अकरा ते पाच दार बंद,
कूलरसमोर पालथी पडून मोबाईलात पोहतात.
धरणावर आता यंत्र आहे,
दर पंधरा मिनिटांना आपलं आपण आकडा पाठवतं.
त्याला कालव्यात जायचं नसतं.

रात्री गच्चीवर थोरली पाणी शिंपडते.
फरशी चर्र करते, पिऊन मोकळी.
"आत्याजी, रात्र कधी होणार?"
"झाली की. एक वाजला."
"मग गार काहून नाही?"

मी उशी उलटी करते. तीही तापलेली.
अंधारात उजवा हात उचलते
आणि मनगटातून झटकते,
एकदा. अजून एकदा.
"मच्छर का?" ती विचारते.