खेचराचा चारा

बाबांच्या जमाखर्चाच्या वह्या अकरा.
द्राक्षांवर फवारायच्या गंधकाशेजारी ठेवलेल्या,
म्हणून पानं उलटताना अजून डोळे चुरचुरतात.
दर तीन महिन्यांनी एक ओळ,
अक्षर चिखलातल्या पावलासारखं खोल:
खेचराचा चारा. पुढे रक्कम, लिऱ्यांत.

खेचर मला आठवतं.
करडं, डाव्या कानाला चीर गेलेलं.
चव्वेचाळीसच्या शरदात परक्या सैनिकांनी ते
तालियामेंतोच्या पुलावरून ओढत नेलं.
मी पाच वर्षांची, फाटकावर चढून बघत होते.

चारा मात्र थांबला नाही.
सेहेचाळीस. बावन्न. एकोणसाठ.
एके ठिकाणी समासात पेन्सिलीनं:
फार महाग पडतं. तिथल्या मुख्यांशी बोलणे.

चाऱ्याविषयी कोणते मुख्य बोलतात?

आई अंगणात घेवडा सोलत बसलेली. वय एक्याण्णव.
विचारलं, आई, आपलं खेचर कधी मेलं गं?
म्हणाली, ते होय? ते तर नेलं त्यांनी.
दाणे पातेल्यात पडत राहिले.
मी उठायच्या बेतात, तेव्हा मान वर न करता:
तिला मोजे पाठवले होते मी. लोकरीचे.
दोनदाच पोचले.

तिला.

नाव ओनोरिना. बाबांची पाठची बहीण.
हे नाव आमच्या घरात कुणी उच्चारलेलं
मी साठ वर्षांत ऐकलं नव्हतं.
रेशमाच्या किड्यांची अंडी ती
कापडाच्या पुरचुंडीत छातीशी बांधून उबवायची,
वसंतात रात्र रात्र कुशीवर वळायची नाही.
कोष सगळ्यात जास्त आमच्याच माळ्यावर.
आजीनं जाताना तुतींचा तुकडा तिच्या नावे केला होता.
बाबांनी तो गिरणीवाल्या फाविओत्तींना विकला.
आणि एका रविवारी, पाद्रीबुवा जेवायला असताना,
तिनं वही मागितली.

एवढंच?
एवढंच. आवाज चढला होता तिचा, आई म्हणाली,
आणि बशी फुटली.
बशी खरंच फुटली हं.

टेकडीवरची ती इमारत आता नगरपालिकेकडे.
खिडक्यांना नवा पिवळा रंग, खाली दंतचिकित्सक.
तळघरातल्या पोरसवदा कारकुनानं खोकत खोकत
एक खोकं आणून दिलं, सही घेतली.
दाखल करतानाच्या कागदावर तीन कारणं:
रात्री झोपत नाही.
थोरल्यांना उलट बोलते.
हिशेब मागते.
खाली डॉक्टर, सरपंच, आणि तेच
चिखलातल्या पावलासारखं अक्षर.

त्याखाली दोऱ्यानं बांधलेल्या चोपड्या, धोबीखान्याच्या.
तेवीस वर्षं तिच्याच हातच्या.
चादरी एकशे चाळीस. फाटक्या नऊ. परत न आलेली एक.
चादरी एकशे एकोणचाळीस.
मी गावच्या सहकारी पेढीत हयात घालवलेली बाई.
तिथंच बाकावर बसून तपासत गेले,
बोट ठेवून, पान पान.
एकही बेरीज चुकलेली नाही.
शेवटच्या वर्षी आकडे थरथरतात,
पण चुकत नाहीत.

घरी येऊन बाबांच्या वह्यांतला चाराही मांडला.
तुतीच्या तुकड्याला आली होती तेवढी किंमत
छप्पन सालीच उलटून गेली होती.
बाबांना हे कळलं नसेल असं म्हणायला जीव धजत नाही.
ते रोज संध्याकाळी हिशेब करायचे.
आम्हाला दिव्याजवळ बोलायची बंदी असायची.
एकोणसत्तरच्या मार्चात शेवटची ओळ:
चारा बंद.
त्या दिवशी आम्ही काय जेवलो, मला आठवत नाही.

आईनं विचारलं, होते का त्या खोक्यात?
काय?
मोजे.

एक होता. करडा, टाचेला रफू केलेला,
धोबीखान्याच्या पांढऱ्या दोऱ्यानं.

आईनं तो हातात घेतला,
आत पंजा घालून बोटं पसरली,
आणि वीण तपासू लागली,
ही माझीच का दुसऱ्या कुणाची.