कायम फेज

देवगडच्या खाडीपासून मैलभर वर,
वादळात माणसांनी येऊन थांबावं म्हणून बांधलेली
ही दुमजली इमारत. अजून कुणी आलेलं नाही.
कोपऱ्यात कुणाचं तरी जाळं, आणि रंगाचा वास.

शेवटचा स्क्रू आवळून साडेसातला मेन पाडला.
झिलूनं घड्याळ लावलं. तीन तास.
अंधार करायचा आणि बसून राहायचं, एवढीच परीक्षा.

ताकासारखा उजेड पसरला,
दारावर, वळणावर, पायरीच्या कडेवर.
"ह्येका उजेड म्हणतत?" वॉचमन बाबल म्हणाला.
वाचायला नाही, मी म्हटलं, बाहेर पडायला आहे.

एक तास चाळीस मिनिटं.
"दादा, वयलो विझलो."
जिन्याच्या दुसऱ्या वळणावरचा. बावीस नवे लावले,
हा एकच जुना ठेवला होता, बरा दिसला म्हणून.

शिडी. टॉर्च तोंडात.
खारं वारं आत शिरलं होतंच,
तांब्यावर हिरवा कळंक. पण दोष त्याचा नव्हता.
वायर चाचपत मागं मागं गेलो:
कुणीतरी फेज घेतला होता बटणाच्या पुढून.

"रातीक मी सगळी बटणां बंद करतंय," बाबल म्हणाला,
"बिल कोण भरतलो?"

म्हणजे रोज रात्री नऊला
ह्या दिव्याला सांगितलं जायचं, लाईट गेली.
आणि तो पेटायचा, रिकाम्या जिन्यावर,
बाबल खाली दाराशी घोरत असताना,
पार तळापर्यंत जळायचा.
दिवसा कुणी बटण दाबलंच तर दोन घास चार्ज.

झिलूला दाखवलं: ही वायर बटणाला विचारत नाही.
हिला थेट बोर्डावरून आणायची.
आणि महिन्यातून एकदा हा खटका दाबून बघायचा.

"आमच्या बांधावरच्या राखणदाराक कोंबो देवक इसरलंव,
तर तो आठवण करून देता," बाबल म्हणाला.
हा देत नाही, मी म्हटलं.

मेन वर केला. डोळे दिपले.
आता चोवीस तास चार्ज, मग पुन्हा तीन तास अंधार.

त्या आधीच्या वायरमनला शिव्या घालत हात धुतले
आणि साबण हातातच राहिला.
मिठबावचं मंगल कार्यालय, चार वर्षांपूर्वी,
दुसऱ्या दिवशी लग्न, मालक डोक्यावर उभा.
तिथं फेज मी कुठून घेतला होता?

"झिलू, मिठबावक पयली एसटी कितीक?"